पनामाचं जेवण: सान्कोचो, ग्वांदू आणि खरपुडीवरची भांडणं

पालवी

पनामात राहायला आल्यापासून घरच्यांचा फोनवरचा ठरलेला प्रश्न म्हणजे "तिकडे खाता तरी काय?" इथेही दोघातिघांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) तेच विचारलं, म्हणून हा धागा. पनामा म्हटलं की लोकांना कालवा आठवतो, टोपी आठवते (ती खरं तर इक्वादोरची), आणि जेवणाचा विषय निघाला की सगळे थेट टाको आणि हिरव्या मिरच्यांवर उडी मारतात. मेक्सिको इथून लांब आहे हो, मधे अख्खी मध्य अमेरिका पसरलीय. इथलं रोजचं जेवण तिखट नसतंच. तिखटाची बाटली टेबलावर असते, हवं त्याने आपापलं घ्यावं.

माझं मत आधीच सांगून टाकते: पनामाचं जेवण पहिल्या घासाला कुणालाही जिंकत नाही. कंदमुळं, मका, भात, नारळ, केळी आणि भरपूर तळण. मसाल्याचा डबा जवळजवळ रिकामाच. पण जरा राहिलं की जिभेला त्यातले बारकावे कळायला लागतात. मॉलमध्ये बसून ते कळत नाहीत, त्यासाठी फोंद्यात जावं लागतं.

फोंदा म्हणजे रस्त्याकडेची खानावळ. काचेमागे ट्रे मांडलेले, पलीकडे मोठा डाव घेऊन बाई उभी, आपण बोट दाखवायचं. भाताचा डोंगर, त्यावर मसूर किंवा घेवड्याची पातळसर उसळ, एखादा मांसाचा नाहीतर कोंबडीचा प्रकार, पिकल्या केळ्याचे तळलेले काप आणि नावापुरतं सॅलड. चार-पाच डॉलरांत दुपार निघते. (इथलं चलन बाल्बोआ, पण नोटा अमेरिकन डॉलरच्याच चालतात, बाल्बोआची फक्त नाणी.) बाराच्या सुमारास गेलेलं बरं. उशीर केला तर उरलेसुरलेच ट्रे पुढ्यात येतात आणि बाई वर "इतक्या उशिरा कोण जेवतं" असा चेहरा करते.

२०१७ साली युनेस्कोने पनामा सिटीला पाककलेचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला. जुन्या शहरातल्या देखण्या रेस्टॉरंटांत आता फोंद्यातलेच पदार्थ मोठ्या बशीत, लहान प्रमाणात मिळतात. काही ठिकाणी खरोखर छान करतात, नाही असं नाही. पण सुरुवात तिथून करू नका.

सुरुवात सान्कोचोने करा. हा इथला राष्ट्रीय पदार्थ. गावठी कोंबडीचं पातळ सूप, सोबत वेगळ्या वाडग्यात पांढरा भात. भर दुपारी, घामाच्या धारा लागलेल्या असताना लोक वाफाळतं सान्कोचो पितात. आदल्या रात्री जास्त झालेल्यांना तर हमखास हेच पाजतात. माझ्या शेजारच्या सेन्योरा करतात ते मी उभं राहून पाहिलंय. कोंबडीचे तुकडे लसूण, ओरेगानो आणि कुलांत्रो लावून आधी तिच्याच चरबीत परतायचे. पाणी लगेच ओतायचं नाही. मांसाला सुटलेलं पाणी आटून तळाला तांबूस रंग धरला की मग पाणी. गावठी कोंबडी असल्यामुळे शिजायला वेळ घेते, कुकर लावला तर सेन्योरा रागावतील. शेवटी न्यामे नावाच्या कंदाचे मोठे तुकडे पडतात. ते अर्धे विरघळतात आणि रश्शाला किंचित दाटपणा येतो. रंग फिका, वर चरबीचे बारीक ठिपके. टोमॅटो नाही, हळद नाही, गरम मसाल्याचं तर नावच नको.

सगळा जीव त्या कुलांत्रोत आहे. लांबट, करवती कडांचं पान, रोप जमिनीला चिकटून वाढतं. वास कोथिंबिरीचाच, पण कितीतरी उग्र. कोथिंबीर शिजवली की तिचा वास मरतो, याचा मात्र तासभर उकळूनही टिकतो. म्हणून ते वरून भुरभुरत नाहीत, पहिल्यापासून पातेल्यात असतं.

ला चोरेरा गावचे लोक सांगतात की सान्कोचोत कोंबडी, न्यामे, कांदा, लसूण, ओरेगानो आणि मिरची, बास! इतर प्रांतांत त्यात युका, ओतोए हे कंद, मक्याच्या कणसाचे तुकडे असं काय काय पडतं. यावर तासन् तास वाद होतात. पाककृतींवरचे असले वाद इथल्या वाचकांना नवीन नसावेत.

खादाड_पेणकर

मस्त धागा ताई. पण फोटोशिवाय अशा धाग्याला परवानगी नको, असा ठराव मांडतो.

चौकस_चौगुले

छान लिहिलंय. आमचा नेहमीचा प्रश्न: शाकाहारी माणसाने काय करावं? पुढच्या वर्षी कंपनी पाठवायचं म्हणतेय.

पालवी

@चौकस, फोटो आणि शाकाहार हे दोन प्रश्न येणार हे माहीत होतं. फोटो चढवते सवडीने.

शाकाहाराचं खरं सांगते. "मांस नको" म्हटलं की पुढ्यात कोंबडी येते, ती त्यांच्या हिशोबात वेगळी. घेवड्याची उसळ निरागस दिसते, पण तिच्यात बरेचदा खारवलेली डुकराची शेपटी शिजलेली असते. भातात चिकनची वडी विरघळवलेली असू शकते. तेव्हा दर वेळी विचारावं. मसुराची उसळ त्यातल्या त्यात सुरक्षित, तरी विचारावंच. बिनधास्त खाण्याजोगं: पाताकोनेस (हिरव्या केळ्याचे दाबून दोनदा तळलेले काप), पिकलं केळं, उकडलेली युका, मक्याची तोर्तिया पांढऱ्या चीजबरोबर, ओहाल्द्रे (मैद्याची तळलेली पुरीच म्हणा), आणि फळं. अननस आणि पपई इथे फार सुंदर मिळतात. शहरात भारतीय किराण्याची दुकानं आहेत, देऊळ आहे, सिंधी आणि गुजराती मंडळी कित्येक वर्षांपासून आहेत. उपाशी राहणार नाही तुम्ही. फक्त फोंद्यातली मजा निम्मी होईल.

दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत हयात गेली. कालव्यातून जहाज आठ-दहा तासांत पार होतं, आणि खलाशाला दिसतात फक्त लॉक, दोर आणि दोन्हीकडचं जंगल. जहाजाच्या मागे नाव पनामाचंच रंगवलेलं, पण पनामाच्या जमिनीला पाय लागत नाही अशी गत. पुढे क्रू बदलायच्या वेळी कोलोनला थांबायला मिळालं तेव्हा पहिल्यांदा तिथलं जेवण जेवलो. ते पालवीताईंच्या सान्कोचोपेक्षा अगदीच निराळं निघालं.

कोलोन म्हणजे कॅरिबियन बाजू. तिथलं जेवण वेस्ट इंडियन लोकांचं. १८५० ते १८५५ मध्ये रेल्वे बांधली गेली तेव्हा आणि नंतर १९०४ ते १९१४ मध्ये अमेरिकनांनी कालवा खणला तेव्हा जमैका, बार्बाडोस आणि आजूबाजूच्या बेटांवरून मजूर आले. एकट्या बार्बाडोसहून वीस हजारांच्या घरात माणसं आली. गोरे अमेरिकन 'सोन्याच्या' यादीत, हे 'चांदीच्या' यादीत. पगार वेगळा, घरं वेगळी, खानावळीही वेगळ्या. गोऱ्यांना टेबल-खुर्ची, आणि यांनी ताटली घेऊन उभ्याने खायचं. मग घरी बायका जे शिजवत ते टिकलं. आज पनामाचा माणूस ज्याला अभिमानाने आपलं म्हणतो त्यातलं बरंचसं त्या चुलींवरचं आहे.

रोन्दोन खाल्लंय का कुणी? नारळाच्या दुधात मासा, युका, न्यामे, हिरवं केळं, कणकेचे लांबट गोळे, थाइम, आणि वर एक अख्खी मिरची. सगळं एकाच पातेल्यात. शिवाय पाती, म्हणजे तिखट खिम्याची करंजी म्हणा. दोन्ही नुसती आठवली तरी भूक लागते.

पालवी

दर्यावर्दीकाका, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. पनामा सिटीत रियो आबाखो भागात हे सगळं मिळतं. बोकास देल तोरोच्या बेटांवर तर घराघरात. तिथे घेवडा-भात आणि ग्वांदूच्या दाण्यांचा भातही नारळाच्या दुधातच शिजतो.

तिखटजाळ

अख्खी मिरची म्हणालात ना, तिथेच थांबा. कोणती? किती तिखट? ताई तर म्हणतात तिखट नसतं.

दर्यावर्दी

आही चोम्बो. गोल, सुरकुतलेली, पिवळी-लाल, दिसायला गोंडस. हाबानेरो नावाच्या जहाल मिरचीच्याच कुळातली. ती देठासकट तशीच उकळत्या रश्शावर ठेवायची आणि फुटायच्या आत अलगद उचलून बाहेर काढायची. वास येतो, तिखट बेताचं उतरतं. फुटली तर पातेलं तुमचं एकट्याचं. बाटलीतला सॉस पिवळाधमक असतो, त्यात मोहरी आणि हळद असते. तळलेल्या माशावर दोन थेंब घ्या आणि मग बोला.

सगळं_आपलंच

वाचता वाचता यादी करत होतो. युका म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो तोच कंद. ओतोए अळूच्या भावकीतला. न्यामे म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातलं. ग्वांदू म्हणजे चक्क तूर! आता बोला, पनामाचं असं राहिलं काय?

पालवी

@सगळं_आपलंच, वनस्पती बरोबर ओळखल्यात, पण निष्कर्ष उलटा काढलात. युका मुळात दक्षिण अमेरिकेची. आपल्या एकादशीच्या ताटात ती परदेशातून आली, आणि आज सेलमच्या कारखान्यांतून साबुदाणा होऊन घरोघरी पोचते. तेव्हा साबुदाणाच "त्यांचा" म्हणायला हवा. तूर मात्र भारतातून आफ्रिकेमार्गे इकडे आली, हे मान्य.

शिवाय वस्तू तीच असली तरी ते तिचं काय करतात ते बघा. कारिमान्योला घ्या. युका मऊ उकडायची, पण लगदा होऊ द्यायचा नाही. मधली चिवट शीर काढून टाकायची, गरम असतानाच यंत्रातून दळायची. त्या गोळ्यात खिम्याचं सारण भरून दोन्ही टोकांना निमुळता आकार द्यायचा आणि तळायचं. वरचं कवच काचेसारखं कुरकुरीत, त्याखाली चिकट-मऊ थर, मग सारण. सकाळी सात वाजता लोक कामावर जाताना कागदात गुंडाळून हे खातात. त्या कंदातला स्टार्च धुऊन काढून त्याचे मोती करावेत हे जसं त्यांना सुचलं नाही, तसं अख्खा कंद दळून त्यात खिमा भरावा हे आपल्याला सुचलं नाही. (कच्ची युका मात्र कुणी चाखून बघू नका. तिच्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, नीट शिजवूनच खायची.)

केळीवाला_रावेर

आमच्या जळगाव जिल्ह्यात पनामा म्हटलं की कालवा नाही, मर रोग आठवतो. केळीचं झाड पिवळं पडून उभ्या उभ्या वाळतं, त्याचं नावच पनामा रोग. त्या बुरशीने ग्रो मिशेल जातीचे मळे एकामागून एक संपवले आणि जगाला कॅव्हेंडिशकडे वळावं लागलं. आमची ग्रँड नैन त्या कॅव्हेंडिशातलीच. आता त्या बुरशीचा नवीन वाण आलाय, तो तिलाही सोडत नाही, तो वेगळा रडगाण्याचा विषय. मला विचारायचंय ते हे: तुम्ही ते पाताकोनेस म्हणता ते कुठल्या केळ्याचे? आमच्याकडच्या कच्च्या केळ्याचे होतील का?

पालवी

@केळीवाला, तुमच्या प्रतिसादामुळे धाग्याला वजन आलं. ते केळं वेगळं, मोठं, जाड सालीचं, न शिजवता सहसा खात नाहीत. भारतात केरळी दुकानांत कच्चं नेंद्र मिळतं, ते घ्या. ग्रँड नैनचं पूर्ण हिरवं केळं चालून जाईल, पण ते मऊ पडतं आणि दाबताना फाटतं.

साल हाताने निघत नाही. सुरीने लांबीला चिरा देऊन अंगठ्याने सोलायची. बोटाच्या पेराएवढे जाड तुकडे मध्यम आचेवर तळायचे, रंग येऊ द्यायचा नाही, फक्त आत शिजले पाहिजेत. बाहेर काढून वाटीच्या बुडाने दाबायचे. मग मिठाच्या पाण्यात (आवडत असेल तर लसूण ठेचून घातलेल्या) क्षणभर बुडवून, निथळून, कडक तापलेल्या तेलात परत तळायचे. बुडवलेलं पुसून घ्या, नाहीतर तेल अंगावर येईल. शहरातल्या मासळीबाजारात समुद्राकडे तोंड करून बसायचं, एका हातात कोर्विना माशाचं सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा), दुसऱ्या हातात पाताकोन. दुपार कुठे जाते कळत नाही.

नलूताई_अकोला

मी मांसाहार करत नाही म्हणून नुसती वाचत होते, पण तूर म्हटल्यावर राहवेना. आमच्याकडे आता ओल्या तुरीचे सोले बाजारात आलेत. तो ग्वांदूचा भात सविस्तर सांग ना बाई. मापासकट.

पालवी

नलूताई, हा घ्या. हा इथला नाताळचा भात. ओली तूर इथेही डिसेंबरच्या सुमारालाच येते. तेव्हा बाजारात बायका ढिगाशेजारी बसून शेंगा सोलत असतात आणि दाणे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून विकतात. डाळ करायची पद्धत इथे नाही, दाणे अख्खेच शिजवतात.

दोन वाट्या तांदळाला एक वाटी सोले. सोले मीठ घालून आधी मऊ शिजवा, पाणी फेकू नका, भाताला त्याचाच करडा-तपकिरी रंग येतो. एका मोठ्या नारळाचं घट्ट दूध वेगळं, पातळ वेगळं. जाड बुडाच्या पातेल्यात घट्ट दूध आटवा, तेल सुटू लागेपर्यंत. त्यात तांदूळ परता, शिजलेले सोले घाला, मग सोल्यांचं पाणी आणि पातळ दूध मिळून चार वाट्या. मीठ. पाणी भाताच्या पातळीला आलं की झाकण घट्ट लावून आच अगदी मंद. मधे ढवळायचं नाही. वेस्ट इंडियन घरांत थाइमची काडी आणि ती अख्खी मिरचीही पडते.

आता खरी गंमत. तळाशी जी खरपुडी धरते तिला इथे कोन्कोलोन म्हणतात, आणि ती जळली म्हणून कुणी नाक मुरडत नाही. ती मुद्दाम धरू देतात. नारळाच्या तेलात तळाचा भात तांबूस, कडक होतो. सेन्योरांच्या घरी नातवंडं जेवण संपायच्या आधीच पातेल्याभोवती जमतात, आणि मोठा नातू कायम डावाचा ताबा घेतो, त्यावरून दर वेळी आरडाओरडा. नॉनस्टिक भांडं वापरलं तर ही मजा नाही.

खादाड_पेणकर

खरपुडीवर माझा हक्क जन्मसिद्ध आहे, इतकं नोंदवून ठेवतो.

चौकस_चौगुले

न्याहारीचं राहिलं. आणि तोर्तिया म्हणजे ती पातळ पोळी ना?

पालवी

नाही, पनामाची तोर्तिया जाड, हाताच्या पंजाएवढी. मका कांडून, उकडून, दळून त्याची थापतात आणि तळतात किंवा तव्यावर भाजतात. ओहाल्द्रे ही मैद्याची, हाताने ओढून वेडीवाकडी केलेली, मधे भोक पाडून तळलेली. तिच्यासोबत परतलेलं कांद्याचं बीफ किंवा कलेजी. एवढी जड न्याहारी करून माणसं कामाला लागतात कशी, देव जाणे. चिरिकी प्रांतात मका आणि चीजचे इंग्रजी एस आकाराचे आल्मोखाबानो तळतात, दोलेगा गावात तर त्यांची जत्रा भरते. रविवारी सकाळी मात्र निम्मं शहर चिनी न्याहारीला जातं. बांबूच्या टोपल्यांतले वाफवलेले प्रकार, चहा, गोंगाट. चिनी मजूर १८५४ साली रेल्वेच्या कामावर आले, आज कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान बहुतेक त्यांचंच.

तिखटजाळ

गोड?

पालवी

गोडात मी जरा हातचं राखते, कारण केक-पुडिंगं फार गोड असतात. चिचेमे आवडतं: भरडलेला मका मऊ शिजवून दूध, दालचिनी, व्हॅनिला घालून गार करतात. घोट आणि घास दोन्ही. ला चोरेराचं नाव त्यासाठीही आहे. उसाचा गूळ इथे रास्पादुरा नावाने, ढेपेत मिळतो. नान्से नावाच्या पिवळ्या बोराएवढ्या फळाचा गर त्या गुळात दाट शिजवून वर पांढरं चीज कुसकरतात. फळाचा वास उग्र आहे, एक तर आवडतो किंवा खोलीबाहेर जावं लागतं. नाताळात सारिल हवंच: लाल अंबाडीची बोंडं, आलं आणि साखर, गार करून.

नलूताई_अकोला

सोल्यांचा भात केला. घरच्यांना फिका वाटला, यांनी वरून ठेचा घेतला. मला स्वतःला तसाच आवडला. खरपुडी मात्र छान धरली आणि कुणालाही दिली नाही.

ह्यूस्टनकर

धागा उशिरा पाहिला. इथे कुलांत्रो आणि ग्वांदू कुठे शोधू? सान्कोचो करायचं मनात आहे.

पालवी

ग्वांदूचे हिरवे दाणे लॅटिन किराण्यात फ्रीजरमध्ये मिळतील, डबाबंद घेऊ नका, पिठूळ लागतात. कुलांत्रोसाठी व्हिएतनामी दुकानात जा, त्यांच्या फो नावाच्या नूडल्सच्या सूपाबरोबर तेच पान देतात. भारतातल्या मंडळींनी ईशान्येकडच्या ओळखीच्या माणसाला विचारावं, मणिपूर-मिझोरममध्ये ते रोजच्या स्वयंपाकात आहे.

ह्यूस्टनकर

मिळालं! मुळासकट जुडी होती, एक रोप कुंडीत लावलंय. ऊन किती लागतं?

पालवी

सावलीत ठेव आणि माती ओलसर राहू दे. कडक उन्हात लगेच तुरा धरतं आणि पानं चरबट होतात. तुरा दिसला की बुडापासून खुडत जा.